दाराबाहेरचा खोकला

१

पास्को रात्रपाळी संपवून यायचा, तेव्हा त्याच्याआधी त्याचा खोकला घरी पोचायचा. पहिली ढास कोपऱ्यावर, म्हाताऱ्या कीस्टच्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. दुसरी पाण्याच्या पिंपाशी. तिसरी थेट मागच्या दारात. टॅमसिनचं सकाळचं काम त्या खोकल्यावरच बेतलेलं होतं. पहिली ढास ऐकली की किटली चुलीवर ठेवायची, दुसरीला पाव कापायला घ्यायचा, तिसरीला बेसीला पाळण्यातून उचलून दार उघडायचं. बेसीला तर बापाची ओळख तोंडापेक्षा खोकल्यानेच जास्त. तो ऐकला की ती हातपाय नाचवायला लागायची.

पेनरोझ गावात दुसरा आवाज होता तो कुटणीचा. सोन्याच्या दगडाचा भुगा करणारी लोखंडी मुसळं दिवसरात्र धडधडत असायची. घराच्या पत्र्यापासून कपबशीपर्यंत सगळं त्या ठेक्यात थरथरायचं. बायका त्या आवाजावर आवाज चढवून बोलायला इतक्या सरावल्या होत्या, की रविवारी कुटणी बंद असली तरी प्रार्थनाघरात एकमेकींच्या कानाशी ओरडायच्या.

खोकला खाणीतल्या धुळीचा होता. असा खोकला लागला की पुढे काय, हे गावात कोणाला विचारावं लागत नसे. घर खाणीचं होतं. माणूस गेला की बाईने पोरं आणि भांडी उचलायची आणि घर पुढच्या कामगाराला मोकळं करून द्यायचं. मग तिने हॉटेलातल्या चादरी धुवायच्या आणि पोर शहरातल्या अनाथाश्रमात. शेजारची बाई अशीच गेली होती. तिला पाळणा न्यायला जमला नाही, म्हणून तो उंबऱ्यातच ठेवून गेली. बेसी त्याच पाळण्यात झोपायची. पाळण्याला झोका देताना टॅमसिनला ती बाई आठवायची, आणि पाळण्यावाचून तर भागत नव्हतं.

अख्ख्या गल्लीत एकाच विधवेला कोणी हलवलं नव्हतं. थर्झाकाकीला. तिचा नवरा फ्रीमेसन होता, शपथेने एकमेकांना बांधलेल्या पुरुषांच्या गुप्त मंडळातला.

२

टेकडीवर फ्रीमेसनांचं दगडी लॉज होतं, त्यांच्या सभेची जागा. गावात प्रार्थनाघर व्हायच्या आधीचं. सोनं सापडलं त्या साली म्हणे त्यांची सभा तंबूत भरायची आणि दाराशी एकजण कुदळ घेऊन राखणीला उभा राहायचा. आता कुदळीच्या जागी तलवार आली होती, आणि तंबूच्या जागी खालच्या मजल्याला एकही खिडकी नसलेली इमारत. आत काय चालतं ते बायकांना ठाऊक नव्हतं. नव्या माणसाला बकऱ्यावर बसवून फिरवतात, असं पिंपापाशी बोलून हसायच्या. पण त्यांच्यातला एक गेला की त्याच्या बायकोच्या डोक्यावरचं छप्पर जात नाही, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. थर्झाकाकीला सरपण यायचं, नाताळात बदक यायचं, आणि तिच्या छपराचा पत्रा उडाला तर दुसऱ्या दिवशी शिडी लागायची.

काकीनेच टॅमसिनला सांगितलं, की ते लोक कोणाला बोलवत नाहीत. ज्याला यायचं त्याने स्वतः तोंड उघडून मागावं लागतं.

मग टॅमसिन नवऱ्याच्या मागे लागली. खाणीचा कॅप्टन रॉडा हाच लॉजचा मुख्य होता, आणि दरड कोसळली तेव्हा त्याच्या भाच्याला पास्कोनेच ओढून काढलं होतं. तो नाही म्हणणार नाही, असं तिचं म्हणणं. पास्को हसण्यावारी न्यायचा. म्हणायचा, "मला बकऱ्यावर बसवणार, आणि तू बाहेर उभी राहून टाळ्या वाजवणार." पण एका सकाळी खोकून खोकून त्याच्या रुमालावर लाल ठिपका उमटला. त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला, पाळण्याकडे पाहिलं आणि त्याच दिवशी कॅप्टनला विचारून आला.

एकच अडचण होती. त्यांना धडधाकट माणूसच चालायचा. टॅमसिनने मध आणला, औषधवाल्याकडून अफूचे थेंब आणले, आणि सभेच्या शनिवारी दुपारी ढास दबेल एवढे त्याला पाजले.

आणि आणखी एक गोष्ट केली, ती त्याला न सांगता. तिच्या माहेरी, तिकडे समुद्रापलीकडे कॉर्नवॉलला, नवरा पहिल्यांदा खाणीत उतरायचा तेव्हा बायको आपल्या दाराचा एक खिळा उपटून त्याच्या सदऱ्याच्या पट्टीत शिवायची. खिळा आपलं दार ओळखतो आणि माणसाला घरी आणतो, असं मानायचे. त्या बिनखिडक्यांच्या इमारतीची तिला खाणीपेक्षा जास्त भीती वाटत होती. तिने मागच्या दाराचा खिळा काढला आणि पास्कोच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खालच्या पट्टीत बारीक टाके घालून शिवून टाकला.

३

तो परत आला तेव्हा अजून उजेड होता. टॅमसिन कान देऊन होती, पण कोपऱ्यावर ढास आली नाही. पिंपापाशी आली नाही. एकदम दारावर तीन ठोके पडले. सावकाश, सारख्या अंतराने.

दार उघडलं तर पास्को उभा. केस नीट, चेहरा शांत. आत येईना. ती म्हणाली, "उभा काय राहिलास परक्यासारखा? ये की आत." तेव्हा त्याने डावा पाय आधी टाकला आणि आला.

त्या रात्री तो खोकला नाही. अफू उतरली असणार, आता सुरू होईल, म्हणून ती वाट पाहत पडून राहिली. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला तरी नाही. थर्झाकाकी म्हणाली, देवाने ऐकलं तुझं. टॅमसिन चुलीपुढे बसून पदरात तोंड खुपसावं तशी एप्रनमधे तोंड खुपसून रडली. आनंदानेच रडली. तसं तिने स्वतःला सांगितलंही.

फक्त सकाळचं गणित बिघडलं. खोकला नाही, त्यामुळे तो कधी येतोय ते कळेना. ती पाव कापत असायची आणि मान वर करावी तर तो दारात, तिने ये म्हणायची वाट पाहत. दर वेळी. स्वतःच्या घरात, खोलीतून खोलीत जातानाही तो उंबऱ्याशी थांबायचा. थट्टा करत नव्हता. पेस्टीचा, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंजीचा, कडेचा जाड तुकडा तो पूर्वी खाणीतल्या भुताखेतांसाठी टाकून यायचा, आता पूर्ण खायचा. बेसीला उचलायला गेला की ती अंग ताठ करायची. रडायची नाही. नुसती ताठ व्हायची.

नवऱ्याला बरं वाटतंय याचं कोणी दुःख करतं का? टॅमसिनने स्वतःलाच चार शब्द सुनावले. आत म्हणे माणसाला मोठी शपथ घ्यावी लागते. शपथ घेतलेला माणूस गंभीर व्हायचाच.

४

रविवारी दुपारी गरम वारा सुटला होता. कुटणी बंद. पास्को आतल्या खोलीत पाठीवर झोपला होता, हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवून. टॅमसिन बटाटे सोलत होती.

मागच्या दारावर तीन ठोके पडले.

तिने आधी आत पाहिलं. तो पलंगावर होता. मग दाराबाहेर कोणीतरी खोकलं.

पाळण्यात बेसी हसली आणि हातपाय नाचवायला लागली.

टॅमसिनने सुरी खाली ठेवली. गावात खोकणारे पुष्कळ होते. पण प्रत्येकाची ढास वेगळी असते, आणि ही कशी सुरू होते, कुठे अडकते, शेवटी कशी शिट्टीसारखी निघते, ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिने धावत जाऊन दार सताड उघडलं.

अंगणात ऊन होतं. बाकी काही नाही. पिंपापासून पायरीपर्यंत धुळीत पावलं उमटली होती. डाव्या पायाला बूट होता. उजवा पाय अनवाणी.

५

सोमवारी धुणं. कुटणी पुन्हा सुरू झाली होती, आणि टॅमसिनला ते बरंच वाटलं. त्या धडधडीत बाकी काही ऐकू येत नव्हतं.

पांढरा सदरा तिने मुद्दाम मागे ठेवला होता. पाण्यात घालण्याआधी पट्टी चाचपली. मऊ लागली. उजेडात धरून पाहिलं, तर टाके जसेच्या तसे. तिचेच, तिने ओलसर दोऱ्याने घातलेले, शेवटची गाठही तिची. तिने कात्रीने पट्टी उसवली. कापडावर खिळ्याच्या आकाराचा गंजाचा डाग होता. खिळा नव्हता.

बराच वेळ ती तो सदरा मांडीवर घेऊन बसली. टाका न उसवता खिळा कसा निघेल याची नाना कारणं तिने शोधली, आणि एकही तिला स्वतःला पटलं नाही. मग बेसीला कडेवर घेऊन ती कोपऱ्यावर कीस्टबाबाकडे गेली.

६

म्हातारा कीस्ट लॉजचा राखणदार होता. सभा आत भरली की तलवार घेऊन दाराबाहेर उभं राहायचं, हे त्याचं काम. तो खुराड्याची जाळी नीट करत होता. टॅमसिनने खिळ्याचं सांगितलं तसा त्याचा हात थांबला.

"कुठे शिवला होतास?"

तिने सांगितलं. तो खाली बसला. मग म्हणाला, की नव्या माणसाला दाराशी तयार करणं त्याच्याकडेच असतं. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरी, एक गुडघा उघडा, एक बूट काढलेला. आणि अंगावर धातूचा कण म्हणून ठेवायचा नाही, नाहीतर माणूस दाराबाहेरच राहतो. नाणं, अंगठी, पट्ट्याचं बक्कल, सगळं काढून घेतो. खाणीतून वर येणाऱ्यांची झडती घेण्यात त्याचा जन्म गेला होता. पण सदऱ्याची पट्टी चाचपायला तो विसरला.

"पुढे काय झालं, बाबा?"

"आतलं मला सांगता यायचं नाही, पोरी. शपथ आहे."

ती तिथेच उभी राहिली. बेसी त्याच्या दाढीकडे हात करत होती. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "बाहेरचं सांगतो. बाहेरची शपथ मला कोणी घातलेली नाही."

त्याने पास्कोचा हात धरून त्याला दारात नेलं. आतून कोणीतरी तो हात घेतला. दार बंद झालं. कीस्ट आपल्या जागेवर यायला वळला, तर भिंतीशी एक माणूस उभा होता. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरी, एक पाय अनवाणी. कीस्टला वाटलं, दुसरा उमेदवार असेल, आपल्याला कोणी सांगितलं नाही. तो त्याला म्हणाला, हलू नकोस, तुला न्यायला येतील. माणसाने मान हलवली. खोकला.

"दुसरा कोणी नव्हताच त्या दिवशी," कीस्ट म्हणाला. "सभा संपली, सगळे जेवायला गेले, तरी तो तिथेच. मी दिवे मालवून मागच्या दाराने पळालो. देवाशपथ पळालो. पुढचे कितीतरी दिवस तो तिथेच असायचा. रविवारपासून दिसत नाही."

टॅमसिनने विचारलं, की त्याला आत कसं घ्यायचं. कीस्ट तिच्याकडे न बघता बोलत राहिला. दार सताड उघडलं तर तिथे कोणी सापडणार नाही. बोटभर उघडायचं आणि फटीतून विचारायचं, तशी रीत आहे. तो आपणहून पाऊल टाकणार नाही. कोणीतरी हात धरून ओढावं लागेल.

"पण घरात जागा एकालाच, पोरी. एक आत आला की दुसऱ्याने बाहेर," तो म्हणाला. जाळीची तार पुन्हा पिळायला लागला.

७

त्याच आठवड्यात कॅप्टन रॉडा स्वतः घरी आला. टोपी हातात घेऊन टेबलाशी बसला, टॅमसिनचा चहा प्यायला. म्हणाला, पास्कोसारखा माणूस खाली दगड फोडत ठेवणं चुकीचं आहे. नाताळनंतर त्याला वरच्या कामावर घेणार. टेकडीच्या बाजूला दगडी घर आहे, पुढे द्राक्षाचा वेल आहे. बेसीच्या गालाला बोट लावून तो म्हणाला, हिला शाळेत घाला बरं का. पास्को शेजारी ताठ बसून ऐकत होता. त्याचा श्वास ऐकूही येत नव्हता.

टॅमसिनने रात्रंदिवस मागितलं होतं ते सगळं त्या टेबलावर येऊन पडलं होतं.

आता ठोके रोज यायला लागले. कुटणीच्या धडधडीतूनही तिला ऐकू यायचे. मुसळांचा ठेका वेगळा, यांचा वेगळा. ढास दिवसेंदिवस लांब होत चालली होती, आणि दोन ढासांमधली धाप जास्त. ती कानात कापूस घालून कणीक मळायची. बेसी पाळण्यात वळून दाराकडे पाहत राहायची.

एका दुपारी ठोके पडले, तेव्हा पास्को टेबलाशी बसून बूट पुसत होता. टॅमसिनने त्याच्याकडे पाहिलं. आपल्यालाच हे ऐकू येतं, आपलंच डोकं फिरलंय, ही एवढी एक आशा तिने धरून ठेवली होती.

त्याने फडकं खाली ठेवलं नाही. प्रेमळपणे म्हणाला, "दमलाय तो. थांबेल आता."

"कोण?"

त्याने बुटाचं टोक उजेडात धरून पाहिलं. मग दुसरा बूट घेतला.

८

रविवारी कुटणी बंद झाली आणि गावावर ती शांतता उतरली. पहिला ठोका पडला, मग बऱ्याच वेळाने दुसरा. तिसरा पडलाच नाही. नखाने लाकूड खरवडल्यासारखा आवाज आला.

टॅमसिन उठली. आतल्या खोलीच्या उंबऱ्यात तो येऊन उभा राहिला होता. त्याने तिला अडवलं नाही. ती दाराशी जमिनीवर बसली, आणि दार बोटभर उघडलं.

फटीतून एक उघडा गुडघा दिसला. धुळीने भरलेला बूट. शेजारी अनवाणी पाऊल, टाच फुटून रक्त वाळलेलं. दोरीचं टोक हलत होतं. तिने त्याच्या वर नजर नेली नाही. वर डोळ्यांची पट्टी असणार. ती दिसली असती तर तिने हिसकून काढली असती.

"टॅम?"

"हां. मीच आहे."

"कोणी न्यायलाच आलं नाही गं. हलू नको म्हणाले, म्हणून मी हललो नाही."

"बरोबर केलंस."

तो खोकला. बराच वेळ. मग म्हणाला, "झालं का पण काम? बेसीची सोय?"

"झाली. दगडी घर देतायत. वेल आहे पुढे द्राक्षाचा."

"अरे वा," तो म्हणाला, आणि हसायला गेला ते ढासेतच गेलं. फटीतून त्याचा हात आत आला. अंगठ्याचं नख चेचलेलं, कातडीखाली दगडाची निळी कच. टॅमसिनने तो दोन्ही हातांनी धरला. घामाने भिजलेला होता आणि फार हलका. एक हिसका दिला असता तर झालं असतं. मग घरात पुन्हा खोकला. फार तर एक हिवाळा. मग पास्कोला मातीत ठेवायचं, आणि पाळणा उंबऱ्यात.

तिच्या मागे पाळणा हलायला लागला. आतल्या खोलीतला तो, या वेळी बोलावण्याची वाट न पाहता, येऊन झोका देत होता, हळू, सारख्या अंतराने, आणि तोंडाने गुणगुणत होता. बेसी आधी कुरकुरली. मग गप्प झाली.

बाहेरचा हात ताठ झाला. "आत कोण आहे?"

टॅमसिनने ओठ दाताखाली धरले. मग म्हणाली, "कोणी नाही. मी आणि बेसी."

"मग येऊ?"

"थांब जरा."

"बरं," तो म्हणाला. "थांबतो."

तिने हात ओढला नाही आणि सोडलाही नाही. ऊन पायरीवरून पिंपाकडे सरकलं. तो मधेच काहीतरी विचारायचा, कोंबड्यांचं, आईच्या पत्राचं, आणि ती उत्तर द्यायची. मग विचारेनासा झाला. ढास यायची, मग नुसती धाप, मग कधीतरी तीही ऐकू येईना. तिने मुठीकडे पाहिलं, तेव्हा तिची स्वतःचीच बोटं एकमेकांत गुंतलेली होती.

तिने दार लावून घेतलं. कडी घातली. गुडघे धरून गेले होते, उठता येईना. त्याने पुढे होऊन हात दिला, आणि तिने तो घेतला. उबदार हात होता. तळवा मऊ, बाळाच्या तळव्यासारखा, कधी काही न धरलेला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

तिने चुलीत लाकूड सारलं, किटली ठेवली, पाव कापला. बेसी झोपली होती. तो टेबलाशी बसला, हात पुढ्यात जोडून. टॅमसिनने कप भरला, त्याच्यासमोर ठेवला, आणि नावाने हाक मारली.

"पास्को."

त्याने मान वर केली. जरा उशिराने, नव्या कामावर आलेल्या माणसाला कोणी पहिल्यांदा हाक मारावी तशी.